पाच पूर्णांक एक दशांश

मराठी भाषेचा कानावर भारी लोभ. आपण कान देतो, कान टवकारतो, दुसऱ्याचे कान भरतो, मुलांचे उपटतो आणि प्रकरण अंगाशी आले की कानांवर हात ठेवून मोकळे होतो. हल्लीच्या दिवाणखान्यात मात्र सगळे लाड डोळ्यांचे चालतात. दूरचित्रवाणीचा पडदा रुंदीने दाराएवढा आणि जाडीने तसबिरीएवढा झाला. चित्र असे उजळले की नटीच्या कपाळावरचा घाम मोजावा. पण आवाजाला पोट लागते, आणि या संचांना पोटच उरलेले नाही. त्यांतले इवलेसे स्पीकर खाली जमिनीकडे किंवा मागे भिंतीकडे तोंड करून, रुसलेल्या जावयासारखे पुटपुटत असतात.

तरुण कान हे पुटपुटणे सांभाळून घेतात. वयस्क कानांची गोष्ट वेगळी. वर्गात मी ध्वनिविचार शिकवते, त्यामुळे हे कोडे मला घरातच सुटले. बोलण्यातले स्वर जोरकस असतात आणि त्यांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, फ, थ ही मंडळी मूळचीच अशक्त, आणि त्यांची ओळख पटवणारा अंश वरच्या पट्टीत. वय वाढते तसा कान प्रथम ही वरची पट्टी सोडू लागतो. म्हणून वडीलधारी माणसे म्हणतात, “आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही.” ही तक्रार तंतोतंत खरी असते. त्यांना स्वर पोचतात आणि व्यंजने वाटेत सांडतात. अशा वेळी संचाचा आवाज नुसता वाढवला, तर स्वरांचा गोंगाट तेवढा वाढतो.

आमचे मामंजी एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. रविवारी रात्री सगळ्यांनी मिळून चित्रपट पाहायचा हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. गेल्या दोन वर्षांत मामंजी हळूहळू त्यातून निघून गेले. आधी ते आम्ही हसलो की क्षणभराने हसू लागले. मग ‘काय म्हणाला?’ असे विचारणे त्यांनी बंद केले, कारण उत्तर देताना पुढचे वाक्य बुडते म्हणून मुले चुळबुळत. मग त्यांना साडेआठलाच झोप येऊ लागली. भांडण झाले नाही, कोणी कोणाला बोलले नाही. घरातले एक माणूस मात्र दिवाणखान्यातून उठून गेले.

या पार्श्वभूमीवर आमच्याकडे होम थिएटरचा रिसीव्हर आला. हौस अर्थातच मुलाची. रिसीव्हर म्हणजे घरातल्या सगळ्या आवाजांचे जंक्शन. दूरचित्रवाणी, तबकडी, संगणक, फोन, सारे गाडीडबे याच स्थानकात येतात आणि हा स्टेशनमास्तर कोणता आवाज कोणत्या फलाटावर लावायचा ते ठरवतो. स्पीकर पाच आणि सब-वूफर एक, म्हणून याला ‘पाच पूर्णांक एक’ म्हणतात. समोर डावा, मधला आणि उजवा. कानांच्या रेषेच्या जरासे मागे दोन बाजूंना दोन. सब-वूफर हा खर्जातला गडी. त्याची खास वाहिनी सेकंदाला सुमारे १२० कंपनांपर्यंतचेच आवाज वाहते, म्हणून तिला पूर्ण एकाचा मान नाही. दशांशावर बोळवण!

ही कल्पना आजची नव्हे. ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये स्टीरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका बाजूला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून, हे त्याला खटकले होते, असे सांगतात. पुढे १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटासिया’ने न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांभोवती स्पीकरांचा वेढा घातला. आणि ज्या रे डॉल्बीचे नाव आज या यंत्रांवर झळकते, ते गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्याच देशात होते. १९६५ मध्ये लंडनला त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली, आणि त्यांचा पहिला लौकिक झाला तो ध्वनिफितीवरची खरखर घालवण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्या या माणसाच्या नावाचा महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतीसाठी सामान्यनाम म्हणून उपयोग व्हावा, हा शब्दार्थाचा केवढा विपर्यास! विद्यार्थ्यांना अर्थविपर्यास शिकवायला मला इतके ताजे उदाहरण दुसरे सापडलेले नाही.

यंत्र मांडताना घराची परीक्षा झाली. समोरचे दोन स्पीकर आणि बसणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, असे शास्त्र सांगते. आमच्या दिवाणखान्यात त्रिकोणाचा एक कोन देवघरात जात होता आणि मागच्या एका स्पीकरच्या जागी शिवणयंत्र होते. शास्त्राने थोडे घेतले, घराने थोडे सोडले. उरलेले काम रिसीव्हरने केले. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर ओलांडायला त्याला तीन सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्याशा फरकानेही कान फसतो. आधी येईल त्या आवाजाकडेच तो वळतो. म्हणून सोबतचा लहानसा मायक्रोफोन आपण बसतो त्या जागी ठेवायचा. मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीने ‘हूऽप’ असा आवाज काढतो, यंत्र अंतरे मोजते आणि जवळच्याला जरा थांबवून लांबच्याबरोबर आणते. पंक्तीत सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी सुरुवात करायची नाही, तसे.

मामंजींच्या कामी आला तो मधला स्पीकर. या पद्धतीच्या चित्रपटांत पात्रांचे बोलणे बहुतेक मधल्या वाहिनीतच असते. संगीत, पाऊस, घोड्यांच्या टापा इतरत्र. संचात या दोहोंची भेळ होते, रिसीव्हर त्यांना वेगळे ठेवतो. आम्ही मधल्याचा आवाज तेवढा तीन डेसिबलने वाढवला आणि त्याचे तोंड किंचित वर, बसणाऱ्यांच्या कानांकडे केले. एवढेच. (संचाच्या ध्वनीच्या यादीत जाऊन आवाज न मिसळता जसाच्या तसा बाहेर पाठवायची सूचना तेवढी द्यावी लागते, नाहीतर पाच स्पीकर मांडून दोनच बोलतात.) श्रवणयंत्राची जागा याने भरून निघत नाही; ते मामंजींच्या कानात होतेच. पण त्या रविवारी चित्रपटातल्या एका खाष्ट आत्याबाईच्या टोमण्यावर मामंजी हसले, आणि आम्हा सर्वांच्या आधी हसले. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहत राहिले. त्या वेळी तेच सोयीचे होते.

रिसीव्हरची दुसरी कला म्हणजे घरातल्या वाय-फायवरून गाणी आणणे. ब्लूटूथमध्ये फोनला गाणे डोक्यावर वाहावे लागते. फोन वाजला की मैफलीत कोणाच्या तरी बँकेची चौकशी शिरते, आणि फोनवाला जिना उतरला की गाणेही त्याच्याबरोबर उतरते. वाय-फायवर तसे नाही. गाणी संगणकाच्या डिस्कवर असतात, रिसीव्हर ती स्वतः ओढून घेतो, फोन फक्त फर्माईश करतो. शक्य असेल तर रिसीव्हरला राउटरची तारच जोडावी. वायरला भिंती आड येत नाहीत. आणि जुन्या फिती संगणकावर उतरवणार असाल, तर त्या फ्लॅकसारख्या, आवाजाचा कोणताही अंश न गाळणाऱ्या साच्यात ठेवा. जागा जास्त लागते, पण गाळलेले पुन्हा मिळत नाही.

आमच्याकडे अशी एक कॅसेट होती. माझ्या सासूबाईंनी १९८६ च्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला म्हटलेले एक पद आणि त्यानंतर ‘कैरीची डाळ संपली का गं?’ अशी चौकशी, एवढा ऐवज. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षे झाली. मुलाने ती फीत मोठ्या निगुतीने उतरवली आणि आजोबांना खुर्चीत बसवून, कौतुकाने, सगळे स्पीकर एकदम बोलतील अशा रीतीने लावली. खोलीभर आवाज झाला. मामंजी थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “बाळ, छान केलंस. पण ती अशी चारी बाजूंनी कधी बोलली नाही रे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलायची.”

मुलगा हुशार आहे. त्याने काही न बोलता बाकीचे स्पीकर बंद केले आणि एकाच स्पीकरमधून ते पद पुन्हा लावले. आवाज एका जागी उभा राहिला. कैरीच्या डाळीची चौकशी आली तेव्हा मामंजी अगदी सहज म्हणाले, “संपली.”

सराऊंड ध्वनीचे सारे शास्त्र मला त्या दिवशी कळले. चहूकडून आवाज करणे हे त्याचे काम नव्हेच. ज्याचा आवाज, त्याच्या जागेवरून यावा, यासाठी ही खटपट. पाऊस चहूकडून पडतो, त्याला पाच स्पीकर द्यावेत. माणूस एका जागी उभा असतो, त्याला एकच पुरे. जुने एकवाहिनी चित्रपट, जुन्या तबकड्या, घरच्या फिती यांना सजवण्याच्या भरीस पडू नये.

आता दशांशाबद्दल दोन शब्द. खर्जाचा आवाज भिंत ओलांडून जातो. आपल्याकडे वाघ डरकाळला तर शेजारच्यांचे भांडे वाजते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. बहुतेक रिसीव्हरांत रात्रीसाठी वेगळी सोय असते. ती मोठे आवाज दाबते आणि हळू बोलणे वर आणते. ती वापरावी, आणि सब-वूफर शेजाऱ्यांच्या भिंतीपासून दूर ठेवावा. शेजारधर्म हाही संगीताचाच भाग आहे.

या दिवाळीत पुष्कळ घरी असे खोके येईल. येऊ द्या. आत किती स्पीकर आहेत हे मुले मोजतीलच. तुम्ही एवढेच करा: घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला सगळ्यांत चांगल्या खुर्चीत बसवा, मायक्रोफोन त्यांच्या कानाशी धरून यंत्राची मापे घ्या, आणि मग विचारा, “शब्द कळतात ना?” होकार आला की फराळाचे ताट पुढे करा आणि चित्रपट सुरू करा. चकल्या मात्र मध्यंतरात द्याव्यात. त्यांच्या आवाजापुढे पाच पूर्णांक एकचेही काही चालत नाही.