धर्माचा रकाना

शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पेन एका रकान्यापाशी अडते: ‘धर्म’. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. इतर मागासवर्गाची सवलत आहे, पण त्या मानाने तोकडी. मग रविवारी प्रार्थनेला ख्रिस्ती आणि कागदावर हिंदू, अशी घरे आमच्या वस्तीत आहेतच. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. बाप रोजंदारीवर असला की ‘मोह’ हा शब्दच सुखवस्तू वाटू लागतो.

उपदेशात मोह म्हणजे दारू, सिनेमा, पत्ते. या रकान्याचे नाव कोणी काढीत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, हे मात्र अभिमानाने सांगतात. टिळक तोवर नामवंत कवी होते. आमची सही कोण ओळखतो?

तरी खोटे लिहू नये, असेच माझे मत. पण खरे लिहिणाऱ्याची फी मंडळीने वर्गणी काढून भरावी. नुसती शाबासकी नको. मी ‘ख्रिस्ती’ लिहिले. आईने एवढेच विचारले, “आणि फीचं काय?”