भिलीत बोलणारे यंत्र

भाषा हाताळणारी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकलेल्या मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द जुळवते. मजकूर तुटपुंजा असला की चूकही अस्खलित भाषेत येते. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे, आणि त्यांच्या भिली बोलींतला मजकूर तुटपुंजाच. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या ‘आदि वाणी’ या भाषांतर-ॲपमध्ये 2025 पासून भिली आहे, पण कुठली भिली? याच जिल्ह्यातल्या धडगावची पावरी आणि नवापूरची मावची एक नव्हेत. सिकलसेल आजाराच्या औषधाची मात्रा सांगताना हा फरक महागात पडू शकतो. म्हणून उत्तरासोबत मूळ सरकारी मजकूर दिसावा, शंका असेल तिथे यंत्राने विचारणाऱ्याला आशाताईंकडे पाठवावे, आणि तालुक्यातालुक्यातल्या बोलणाऱ्यांकडून चाचणी व्हावी. सर्वांत खर्चिक हीच चाचणी. काटछाटीत पहिली तीच जाण्याची भीती.