हत्तीवरून उतरलेले खेळाडू



वेरूळच्या जैन लेण्यांतील भगवान बाहुबलींची ध्यानस्थ मूर्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. देहावर वेली चढल्या तरी न ढळणाऱ्या या तपस्व्याची कथा एका स्पर्धेपासून सुरू होते, याकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही. भरत आणि बाहुबली यांच्या सेना समोरासमोर उभ्या ठाकल्या, तेव्हा निरपराध सैनिकांचा संहार टळावा म्हणून दोघा बंधूंनीच निःशस्त्र सामना करावा असे ठरले. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशा तीन सामन्यांचे वर्णन आहे. रक्त न सांडता जय-पराजयाचा निर्णय करणारी ही रीत म्हणजे एका अर्थी खेळच होय.

कथेचा उत्तरार्ध अधिक विचार करायला लावणारा आहे. बाहुबली जिंकले आणि जिंकताक्षणीच विरक्त झाले. परंतु श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार, आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसे करावे, हा मानाचा सूक्ष्म अंश मनात उरला आणि केवलज्ञान अडून राहिले. ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी येऊन हत्तीवरून उतरण्याची सूचना केली. हत्ती अर्थातच अहंकाराचा होता.

प्रत्येक खेळाडूच्या आयुष्यात हा हत्तीवरून उतरण्याचा क्षण येतो. पस्तिशीच्या आसपास शरीर साथ सोडू लागते, टाळ्या थांबतात आणि उरलेले अर्धे आयुष्य समोर उभे असते. आपल्या घरांतून मुलाच्या दहावीच्या वर्षी विचारला जाणारा ‘खेळून पुढे काय?’ हा प्रश्न म्हणूनच अगदीच अनाठायी नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी टेनिसमधील दुहेरीच्या खेळाडूंकडे पाहावे असे मला वाटते.

आरंभ आपल्याच मातीतून करू. सांगलीचे नंदू नाटेकर 1951-52 च्या राष्ट्रीय कनिष्ठ टेनिस स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाले. त्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले. 1956 मध्ये क्वालालंपूरला त्यांनी परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद पटकावले. अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. वडिलांनी सोडलेला टेनिसचा धागा पुत्र गौरव नाटेकर यांनी पुन्हा हाती घेतला. 1994 च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला अवघी 4 सुवर्णपदके मिळाली. त्यांतील 2 टेनिसची होती आणि त्या दोन्हींत गौरव यांचा वाटा होता. एक सांघिक, तर दुसरे लिएंडर पेस यांच्या साथीने पुरुष दुहेरीत. 1996 मध्ये तेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. पुढे खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षण आणि अकादमीच्या कारभाराकडे वळले. महेश भूपती यांच्या टेनिस अकादमीची धुराही त्यांनी सांभाळली. पुण्याचे नंदन बाळ यांची वाटचालही अशीच आहे. डेव्हिस चषकात देशासाठी खेळलेला हा खेळाडू पुढे दीर्घकाळ त्याच संघाचा प्रशिक्षक झाला.

दुहेरीतून आलेला खेळाडू चांगला शिक्षक का होऊ शकतो, हे मैदानाच्या मापांतच दडले आहे. एकेरीसाठी मैदानाची रुंदी 27 फूट असते, दुहेरीसाठी 36 फूट. खेळाडू दुप्पट होतात, जागा मात्र केवळ 9 फुटांनी वाढते. प्रत्येकाच्या वाट्याला येतात 18 फूट. म्हणजे येथे जागा वाटून घ्यावी लागते. मधून जाणारा चेंडू कोणी घ्यायचा, याचा निर्णय निमिषार्धात करावा लागतो. जाळीजवळ उभा असलेला जोडीदार पाठीमागे हात नेऊन बोटांच्या खुणेने आपला बेत सांगतो आणि सर्व्हिस करणारा त्यावर विश्वास ठेवून चेंडू मारतो. एकाच्या चुकीचा गुण दोघेही गमावतात. आपल्या व्यापारी समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. दुहेरी म्हणजे भागीदारीची पेढी. वहीत नफा-तोटा दोघांच्या नावे मांडला जातो.

भागीदारी मोडते तेव्हा काय होते, हेही याच खेळाने दाखविले. 1999 मध्ये लिएंडर पेस आणि महेश भूपती यांनी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या गाठल्या आणि फ्रेंच व विम्बल्डन अशी दोन अजिंक्यपदे मिळविली. त्यानंतर मने दुरावली. पुढे पुन्हा एकत्र येणे आणि पुन्हा वेगळे होणे चालूच राहिले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी तर कोण कोणासोबत खेळणार, हा वाद सार्वजनिक झाला. गुणवत्ता कमी नव्हती, कमी पडला तो क्षमाभाव. पर्युषणात वर्षातून एकदा आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. दुहेरीच्या जोडीला ते प्रत्येक गुणानंतर मनोमन म्हणावे लागते.

प्रशिक्षकाचे काम म्हणजे आपल्याहून लहानाच्या गुणांना वंदन करण्याचे काम. शिष्य आपल्यापुढे जावा, ही इच्छा मनापासून असेल तरच ते साधते. आपल्या शास्त्रांत दुसऱ्याच्या गुणांनी आनंदित होण्याला प्रमोदभावना म्हटले आहे. जाळीजवळ जोडीदाराच्या उत्तम फटक्यावर आनंदण्याची सवय ज्याला लागली, त्याला शिष्याच्या यशाचा मत्सर वाटणे कठीण.

समालोचकाची कसोटी आणखी वेगळी. त्याच्या हाती रॅकेट नसते, केवळ वाणी असते. दोन्ही बाजूंचा विचार मांडणे हा अनेकान्ताचा पाठ आणि गरजेपुरतेच, हितकर बोलणे ही भाषासमिती. खेळाडूच्या चुकीचे कारण सांगावे, पण तिची थट्टा करू नये, हे ज्याने स्वतः चुका केल्या आहेत त्याला अधिक उमगते. विजय अमृतराज हे याचे उत्तम उदाहरण. बंधू आनंद यांच्या साथीने 1976 मध्ये त्यांनी विम्बल्डन दुहेरीची उपांत्य फेरी गाठली होती. पुढे समालोचक म्हणून त्यांचा आवाज घराघरांत पोहोचला. त्यांच्या नावाने चेन्नईत चालविलेल्या प्रबोधिनीत 1985 मध्ये एक मुलगा दाखल झाला, तो लिएंडर पेस. 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये हे दोघे एकाच वेळी सन्मानित झाले. पेस खेळाडू म्हणून, तर अमृतराज खेळाला दिलेल्या योगदानासाठी. हत्तीवरून उतरलेल्यालाही उंची लाभते, ती अशी.

आणि हे सारे आपल्यापासून दूर नाही. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले हिने 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 43 वर्षांच्या रोहन बोपण्णांच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 असा गमावल्यावर या जोडीने पुढचा 6-3 आणि निर्णायक टायब्रेक 10-4 असा जिंकला. अनुभव आणि उमेद एका बाजूला उभी राहिली की काय घडते, ते त्या दिवशी दिसले.

टेनिस खर्चाचा खेळ आहे आणि रॅकेट धरणाऱ्या बहुतेक मुलांना पदक मिळणार नाही, हे पालकांनी हिशेबात धरलेच पाहिजे. अभ्यास सांभाळावा, यातही दुमत नाही. परंतु आपल्या शहरातील क्रीडा संकुलावर रोज सकाळी घाम गाळणारे मूल फक्त पदकासाठी तेथे जात नसते. वाटून घेणे, विश्वास ठेवणे, हरल्यावर हात मिळविणे आणि वेळ आली की मानाच्या हत्तीवरून उतरणे, हे सारे ते शिकत असते. पुढे ते प्रशिक्षक होवो, समालोचक होवो वा वडिलांच्या दुकानात बसो, ही शिदोरी त्याला पुरेल. तेव्हा दहावीच्या वर्षी रॅकेट माळ्यावर टाकण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसून शांतपणे बोलावे. घर हीसुद्धा दुहेरीच आहे, आणि त्यात पालक व मूल जाळीच्या एकाच बाजूला उभे असतात.