किनाऱ्यावर उभे असणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स हे गाव आहे. १७८९ साली ‘ॲडव्हेंचर’ नावाचे जहाज तेथील वाळूच्या दांड्यावर रुतले. किनाऱ्यावर गर्दी जमली होती. खलाशी एकामागून एक लाटांत कोसळताना सर्वांना दिसत होते. पण तशा खवळलेल्या समुद्रात टिकेल अशी होडीच गावाजवळ नव्हती.

ती बोच गावाला स्वस्थ बसू देईना. काही नागरिकांनी समिती स्थापून बचावनौकेच्या उत्तम आराखड्यासाठी दोन गिनींचे बक्षीस जाहीर केले. आलेल्या कल्पनांचा विचार करून हेन्री ग्रेटहेड या नौका बांधणाऱ्या कारागिराने नौका घडवली. ती तरंगती राहावी म्हणून तिला बुचाचे जाड थर बसवले. जानेवारी १७९० मध्ये ‘ओरिजिनल’ ही नवी नौका प्रथम मदतीला धावली आणि पुढे सुमारे ४० वर्षे तिने सेवा केली.

डॉक्टर या नात्याने मला या कथेत नौकेइतकेच मोल वाटते ते गावाच्या निश्चयाचे. पुन्हा नुसते बघत राहायचे नाही, हा तो निश्चय. कारण आजची बचावनौका कितीही वेगवान असली, तरी श्वास थांबलेल्या माणसाचा मेंदू तिची फार वाट पाहू शकत नाही. प्राणवायूवाचून चार-पाच मिनिटांतच त्याला इजा होऊ लागते. तेवढा वेळ किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती असतो.

‘आम्हाला कुठे पोहता येते?’ असे ज्येष्ठ वाचक म्हणतील. पाण्यात उडी घेऊच नका. वाचवायला गेलेलाच बुडाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. जीवरक्षकाला हाक मारा, १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा, जे तरंगेल ते बुडणाऱ्याकडे फेका. आणि एकाने तरी त्या माणसावरची नजर न हलवता हात त्याच्या दिशेने रोखून धरावा. लाटांत डोके क्षणात दिसेनासे होते. नौकेला नेमकी जागा दाखवणारा हा हात सत्तरीतल्या आजोबांचाही असू शकतो.

माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडील जुने उपाय कटाक्षाने टाळावेत. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी व अन्न श्वासनलिकेत उतरते. त्याला उताणे, सपाट निजवा. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही असे दिसले, तर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी पाच श्वास द्या. बुडणाऱ्याच्या बाबतीत मूळ दोष प्राणवायूच्या अभावाचा असतो, म्हणून श्वासाला अग्रक्रम. नंतर छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि दोन श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवा. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. दमलात तर दुसऱ्याला पुढे करा.

श्वास चालू पण शुद्ध हरपलेली असेल, तर कुशीवर वळवा. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घाला. ‘आता बरे वाटते’ म्हणणाऱ्यालाही खोकला किंवा धाप असेल, तर रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

नातवंडांसह कोकणात निघताना औषधांच्या डबीबरोबर हे क्रमांकही एका चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि घरातील निदान दोघांनी तरी छातीवर दाब व श्वास देण्याचे प्रशिक्षण प्रत्यक्ष घ्यावे. ते वाचून पूर्णपणे येत नाही. हाताला त्याची सवय लागते.