भा. रा. भागवत : कोणाचे बालपण?

भास्कर रामचंद्र भागवत यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बहुतेक लेखन त्यांच्याविषयी नसते. लिहिणाऱ्याच्या मे महिन्याच्या सुट्टीविषयी असते. वाड्याचा जिना, वाचनालयाची पावती, पुस्तकावरून भावंडांची झोंबाझोंबी आणि शेवटी 'आमची अख्खी पिढी फास्टर फेणेवर वाढली' हे वाक्य. भागवतांचे निधन २००१ मध्ये झाले, २०१० मध्ये त्यांची जन्मशताब्दी येऊन गेली. हे वाक्य मात्र जागचे हलत नाही. आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे.

कोणाची अख्खी पिढी? भागवतांनी 'बालमित्र' मासिक काढले ते १९५१ साली. त्या वेळी नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यात होते. मुक्तिसंग्राम संपून जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि येथल्या शिकलेल्या माणसाचे माध्यमिक शिक्षण उर्दूतून झालेले होते. पुढे मराठी शाळा आल्या, पण पुस्तकाचे दुकान तालुक्याच्या गावीही सहसा आले नाही. मुखेड, देगलूर, औसा, निलंगा या भागांतून आमच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना फेणे प्रथम भेटला तो २०१७ च्या चित्रपटात. त्यांच्या लहानपणीचे सामाईक वाचन म्हणजे बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि शाळेत पोचलाच तर १९७१ पासून निघणारा 'किशोर'चा अंक. ही मुले मराठी पिढीत मोजायची की नाहीत?

यावर आमच्याकडील काही सहकाऱ्यांचे उत्तर तयार असते : भागवत हे पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाचे लेखक, आपल्या मुलांचा त्यांच्याशी संबंध काय? हे बाणेदार उत्तर आम्हांस तितकेच आळशी वाटते. पुणेकर न वाचता आठवतात आणि आपण न वाचता नाकारतो. लेखकाच्या वाट्याला दोन्हीकडून उपेक्षाच येते. शिवाय ज्यांना पुण्याचे म्हणून आपण सोडून देतो, त्या भागवतांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. म्हणजे मराठीच्या दुसऱ्या एका सीमेवरचा. आणि बनेश फेणे? तो पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो खरा, पण आहे फुरसुंगीचा. खेड्यातून शहरात शिकायला आलेला, अंगाने काटकुळा, सायकलवर स्वार आणि शहराला जराही न बिचकणारा मुलगा. शिक्षणासाठी गाव सोडणे हा अनुभव मराठवाड्याला कोणी समजावून सांगायला हवा काय?

मुख्य मुद्दा भाषेचा आहे. ज्यूल व्हर्नची १८७७ मधील 'हेक्टर सर्व्हादाक' ही कादंबरी भागवतांनी मराठीत आणली तेव्हा तिचे नाव ठेवले 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. एम.ए.च्या वर्गात एक तासिका केवळ या दोन शब्दांवर घेता येईल. धूमकेतू हा शब्द पाठ्यपुस्तकात सिद्ध होता. तो बाजूला ठेवून त्यांनी अंगणात आकाशाकडे बोट दाखवून उच्चारला जाणारा घरगुती शब्द घेतला. त्यामागे जोडला 'मुक्काम' : अरबीतून येऊन पत्त्याच्या पहिल्या ओळीत स्थिरावलेला, पोस्टमनच्या रोजच्या ओळखीचा. अवकाशातला एक गोळा एकाएकी गावाच्या पत्त्यासारखा जवळ येतो. 'चंद्रावर स्वारी' या नावात हेच घडते; तेथे विज्ञानकथेचे बोट बखरीच्या हाती दिले आहे. परभाषेतील कल्पना मराठीच्या कोणत्या थरात रुजवायची, याचा हा निर्णय आहे. भाषांतरमीमांसेवर पाश्चात्त्य नावांची जंत्री देणारे आमचे शोधनिबंध या निर्णयापाशी थांबत नाहीत, कारण पुस्तक 'मुलांचे' आहे.

बालसाहित्याला जी विशेषणे आम्ही वाटतो तीही पाहावीत : रंजक, उद्बोधक, संस्कारक्षम. एका चर्चासत्रात एका वक्त्याने तीन बालसाहित्यिकांवर तीन निबंध वाचले. नावे झाकली असती तर कोणता निबंध कोणावर हे ओळखू आले नसते. कादंबरीकाराबाबत असे घडते तर सभागृहात कुजबुज तरी झाली असती. येथे टाळ्या पडल्या.

फेणेवरील चित्रपट वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराभोवती रचलेला आहे. त्यात दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेले वत्सल, वयस्कर भागवत आहेत. आठवणींना नेमके असेच भागवत हवे असतात. पण ती कथा वाचायला लातूरसारखी जागा नाही. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने ज्या शहरात दरवर्षी हजारो मुले खोल्या घेऊन राहतात, जेथे प्रश्नसंचाबाहेरचे पुस्तक म्हणजे वेळेचा अपव्यय मानला जातो आणि २०२४ च्या नीट पेपरफुटीच्या तपासाचे धागेही जेथवर येऊन पोचले, तेथील मुलाच्या हाती चौकस, कोणाच्याही भानगडीत नाक खुपसणारा फेणे देऊन पाहावा. 'फास्ट' नव्हे, 'फास्टर'. हे तुलनेचे रूप त्या मुलाला रोज गुणपत्रिकेत भेटते. फेणेचा वेग मात्र स्वतःचा क्रमांक काढण्यासाठी नाही, दुसऱ्याच्या मदतीला पोचण्यासाठी आहे. हा फरक त्या मुलाला दिसतो की नाही, हे आम्हांस जाणून घ्यायचे आहे. न दिसला, किंवा फेणे त्याला परका वाटला, तर तेही लिहिले गेले पाहिजे. ती भागवतांवरची अस्सल टीका होईल.

२०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहास मिळाला. आनंद आहेच. पण आता आपल्या विभागांतून त्या संग्रहावर काय लिहिले जाणार आहे? शाल-श्रीफळाचा वृत्तान्त आणि पुन्हा तीच तीन विशेषणे, की त्यातील एखाद्या कवितेच्या लयीचा, शब्दनिवडीचा, तिच्यातल्या आभाळाचा नीट विचार?