पेकिंगची मध्यरात्र ऐकणाऱ्या सरदार पणिक्करांना

सरदार के. एम. पणिक्कर यांस,


तुम्हाला जाऊन साठ वर्षं उलटून गेली. गेलेल्या माणसाला पत्र कशाला लिहायचं, असं घरातले म्हणतात. पण जे हयात होते त्यांना लिहून लिहून आम्हा बेळगावच्या मराठी माणसांच्या दोन पिढ्या थकल्या. अर्ज झाले, निवेदनं झाली, ठराव झाले. शिवाय माझं गाऱ्हाणं तुमच्याकडेच आहे. राज्य पुनर्रचना आयोगावर तुम्ही तिघे होता. फाजल अली न्यायाधीश, हृदयनाथ कुंझरू संसदेत मुरलेले, आणि तुम्ही वकिलाती सांभाळून आलेले मुत्सद्दी. त्या दोघांचा निकाल मी निकाल म्हणून वाचला. तुमचा मात्र मनाला लागला, आणि या वयातही तो जात नाही.

का, ते सांगतो.

२ ऑक्टोबर १९५०. पेकिंगमध्ये मध्यरात्री तुम्हाला, तिथल्या भारताच्या राजदूताला, झोपेतून उठवलं आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याकडे बोलावलं. अमेरिकेच्या फौजा कोरियात अडतिसाव्या अक्षांशाच्या पलीकडे शिरल्या तर चीन युद्धात उतरेल, असं त्यांनी तुम्हाला स्वच्छ सांगितलं. तुम्ही ते दिल्लीला कळवलंत, दिल्लीनं लंडन-वॉशिंग्टनला. तिथं काय म्हणाले? हा माणूस चीनकडे झुकलेला आहे, याचं कशाला मनावर घ्यायचं. त्याच महिन्यात चिनी फौजा यालू नदी उतरून आल्या. युद्ध थांबायला १९५३चा जुलै उजाडला. किती माणसं गेली, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सांगणाऱ्याला आधी ‘पक्षपाती’ ठरवायचं आणि मग त्याचं ऐकायचंच नाही, हे तुम्ही स्वतः भोगलं होतंत. नानकिंगमध्ये एक राजवट कोसळताना आणि पेकिंगमध्ये दुसरी उभी राहताना तुम्ही पाहिलीत. दुखावलेला समाज एकदा पेटला की त्याच्यापुढे व्यापाराचे आणि सोयीचे हिशेब चालत नाहीत, हे आशियाबद्दल युरोपला तुम्हीच ठणकावून सांगितलंत. दोन चीनमधल्या तुमच्या आठवणींचं पुस्तक १९५५ साली आलं, आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला तुमच्या आयोगाचा अहवाल आला.

त्यात आम्ही कुठे होतो? तुमच्याकडे १,५२,२५० कागद आले होते. त्यातले विचारपूर्वक लिहिलेले दोनेक हजारच, असं तुम्ही तिघांनी नोंदवलंत. आमचे कागद कुठल्या ढिगात गेले, देव जाणे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच बेळगावात, १९४६च्या साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना. ही मागणी मुंबईहून आमच्यावर लादलेली नव्हती. आणि बेळगाव शहराबद्दल तुम्ही लिहिलंत काय? त्याचे संबंध मराठी आणि कानडी दोन्ही मुलखांशी आहेत, बाकीच्या गोष्टी सारख्याच, तेव्हा जिल्ह्याचे बहुतेक तालुके ज्या राज्यात जातात तिथंच मुख्यालयही गेलेलं प्रशासनाला सोयीचं.

सोयीचं! पणिक्करसाहेब, हा शब्द पेकिंगच्या तारेत तुम्ही लिहिला असतात का?

जिल्हा फोडता येत नव्हता म्हणावं, तर चंदगड तालुका तुम्हीच आमच्या जिल्ह्यातून काढून मुंबई राज्यात ठेवलात. दक्षिण कानडा जिल्ह्यातून कासरगोड काढून केरळला दिलंत. ते चुकलं असं मी म्हणत नाही, तुमच्या जन्मगावाकडे बोटही दाखवत नाही. माझं विचारणं इतकंच, की चंदगडला चालणारी कात्री बेळगाव, खानापूर, निपाणीपाशी का अडली? आणि एकमतानं चाललं होतं म्हणावं, तर उत्तर प्रदेशाचं विभाजन व्हावं म्हणून तुम्ही स्वतंत्र टिपण जोडलंतच. आमच्यासाठी एक ओळ जोडली असती तर निकाल फिरला नसता कदाचित. पण कुणीतरी ऐकलं होतं, एवढं तरी आमच्या वडिलांना मरताना वाटलं असतं.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण लिहिताना हात जड होतो. १७ जानेवारी १९५६ला बेळगावात गोळीबार झाला, माणसं पडली. दर १७ जानेवारीला आम्ही हुतात्मा चौकात उभे राहतो. १९५६च्या १ नोव्हेंबरला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. मग या सीमावादावर महाजन आयोग आला. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध उठलो, पुन्हा गोळ्या. २००४पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. २०२२च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, आणि लगेच महाराष्ट्रातून उत्तरादाखल कर्नाटकच्या एसट्यांना काळं फासलं गेलं. त्या ट्रक-एसट्यांच्या ड्रायव्हरांचा यात काय दोष?

कानडी माणसाचं दुःख मला कळत नाही असं नाही. मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर, कोडगू, असा त्यांचा मुलूख वाटला गेला होता. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस इथं टिळकवाडीत भरली, तेव्हा त्याच मांडवात कन्नड नाडाचं गाणं झालं. पाण्यासाठी खणलेली तेव्हाची विहीर आजही आहे. गंगाधरराव देशपांड्यांच्या त्या मांडवात मराठी आणि कानडी दोघंही राबले होते. दोघांचा अभिमान खरा होता. एकाची जखम भरताना दुसऱ्याला नवी होणार, हे ओळखायला मुत्सद्दीच लागतो. तो तुम्ही होतात.

गेल्या उन्हाळ्यात निपाणीला थोरल्या वहिनीकडे गेलो होतो. दादा गेल्यापासून तंबाखूचं रान तीच बघते. तिनं पत्र्याच्या ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला उतारा काढून माझ्यापुढं धरला. ‘‘भावजी, वाचा की. रान आमचंच हाय न्हवं?’’ उतारा कानडीत. मी नोकरीसाठी कानडी शिकलो, मला येतं. वाचलं, तर दादांचं आडनाव ‘चव्हाण’चं ‘चवाण’ झालेलं. आधारकार्डावर ‘चव्हाण’. तेवढ्यावरून वारसाची नोंद अडली होती. कचेरीत चार खेपा झाल्या होत्या, प्रत्येक खेपेला कागद वाचून घ्यायला कुणाला तरी पैसे. मराठी शाळेत चौथी शिकलेली, खळ्यावरचा सगळा हिशेब तोंडपाठ असलेली बाई स्वतःच्या रानाचा कागद हातात घेऊन अडाण्यासारखी बसली होती. तुमच्या ‘सोयी’ची गोष्ट निघाली की मला तिचा तो कागद धरलेला हात दिसतो.

मुंबईच्या पुढाऱ्यांवरही माझा राग आहे. निवडणुकीच्या तोंडावर त्यांना बेळगाव आठवतं. त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन.

शेवटी तुम्ही म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झालात आणि म्हैसुरातच गेलात. ज्या राज्यात आम्हाला घातलंत त्याच राज्यात. बेळगावला कधी निवांत आला असतात, शहापूरच्या गल्लीत चार दिवस राहिला असतात, तर दोन्ही भाषा एकाच ओट्यावर ऐकल्या असत्यात. माझ्या भाचीला आम्ही गोकाककडच्या कानडी घरात दिली. सौंदत्तीच्या यल्लम्माला आमची दोन्ही घरं एकाच टेम्पोनं जायची.

गेल्या १ नोव्हेंबरला संभाजी उद्यानापासून निघणाऱ्या मूक सायकल फेरीत मी होतो. या वयात सायकल चालवत नाही, धरून चालत गेलो. दंडाला काळी फीत. चन्नम्मा चौकाकडून राज्योत्सवाचा डॉल्बी ऐकू येत होता. दुपारी भाचीचा नवरा जेवायला आला, गळ्यात लाल-पिवळी शाल. पूर्वी या दिवशी आम्ही तासभर भांडायचो, मग हसायचो, मग तो दुसऱ्यांदा आमटी मागून घ्यायचा. त्या दिवशी त्यानं शाल काढून खुंटीला अडकवली. मी फीत सोडून त्याच खुंटीवर ठेवली. ‘‘मामा, पाऊस यंदा लांबला,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘हो, लांबला.’’ जेवण होईपर्यंत आम्ही पावसावरच बोललो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
शहापूर, बेळगाव
(मूळ गाव निपाणी)