तोट्याचा बागुलबुवा आणि के.एम.टी.ची ‘पुनर्रचना’

कोल्हापूर महानगरपालिकेचा परिवहन उपक्रम, म्हणजे लोकांच्या तोंडची के.एम.टी., तोट्यात आहे; सबब त्याची पुनर्रचना झाली पाहिजे, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे ऐकवला जात आहे. पुनर्रचनेला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु कोणाच्या हितासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे दोन प्रश्न विचारले की पुनर्रचनेचे पुरस्कर्ते गप्प होतात. म्हणूनच ते वारंवार विचारले पाहिजेत.

प्रथम तोट्याचा विचार करू. शहरातील दिवाबत्तीला किती तोटा झाला, असे कोणी विचारीत नाही. रस्त्यांचा आणि बागांचा ताळेबंद कोणी मागत नाही. मग बसनेच नफा का कमवावा? याचे उत्तर अर्थशास्त्रात नाही, कायद्याच्या रचनेत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ६३ पालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगते. सार्वजनिक वाहतूक मात्र कलम ६६ मधील ऐच्छिक कामांच्या यादीत आहे. परिवहनाचा निधी वेगळा, समिती वेगळी, व्यवस्थापक वेगळा. या विभक्त चुलीमुळे बसची तूट तेवढी उघड्यावर पडते, आणि बसमुळे समाजाचा जो लाभ होतो तो मात्र कोणत्याच वहीत जमा होत नाही. शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत वेळेवर पोहोचणारा कामगार, खेड्यातून महाविद्यालयात येणारी मुलगी, सी.पी.आर. रुग्णालयात उपचारासाठी येणारा वृद्ध यांच्या प्रवासाचे मोल तिकिटाच्या रकमेत मावत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा शाळांनी नफा मिळवावा अशी अट घातली नव्हती. त्यांच्या नावाने शपथा घेणाऱ्यांनी एवढे तरी स्मरावे.

आता ‘पुनर्रचना’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ योजना मंजूर केली. खासगी भागीदारीतून देशभर १०,००० विजेच्या बस आणण्याची ही ५७,६१३ कोटी रुपयांची योजना असून, त्यांपैकी २०,००० कोटी केंद्राचे आहेत. कोल्हापूरच्या वाट्याला १०० बस मंजूर झाल्या. धूर न ओकणाऱ्या बसचे स्वागतच केले पाहिजे. आक्षेप बसला नाही, व्यवहाराला आहे. बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा. पालिकेने त्याला दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम मोजायची. प्रवासी मिळोत वा न मिळोत, पैसे मोजावेच लागणार. इतकेच नव्हे, तर सार्वजनिक परिवहन संस्थांनी देणे चुकवले तरी कंत्राटदाराचे पैसे बुडू नयेत, म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटींची स्वतंत्र हमी योजना मंजूर केली. कंत्राटदाराच्या बिलाला दिल्लीची हमी, के.एम.टी.च्या कामगाराच्या पगाराला मात्र कोणाचीच हमी नाही! भांडवलाने जोखीम पत्करावी म्हणून त्याला नफा मिळतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. येथे नफा खासगी आणि जोखीम सार्वजनिक, असा उलटा न्याय आहे.

या वाटेने मुंबईचा ‘बेस्ट’ उपक्रम आधीच गेला आहे. २०१९ मध्ये तेथे भाडेतत्त्वावरील बसचा मार्ग खुला झाला. पुढे परवडत नाही म्हणून काही कंत्राटदारांनी आपल्या बस काढून घेतल्या आणि प्रवासी थांब्यांवर तिष्ठत राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी कामगारांना वेतनवाढीसाठी संप करावा लागला. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात अनेकांचे प्राण घेणारी विजेची बसही भाडेतत्त्वावरचीच होती. चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. बेस्टच्या स्वतःच्या बसचा ताफा या काळात आटत गेला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. काटकसरीचे गणित अखेर प्रवाशाच्या खिशावरच उतरले.

कोल्हापूरला तर मुंबईचा दाखला शोधण्याचीही गरज नाही. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या मंत्राने शहरातील सुमारे ४९ किलोमीटर रस्ते कंत्राटदाराच्या हवाली झाले. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते जनतेबरोबर रस्त्यावर उतरले. २०१५ अखेर टोल रद्द करणे सरकारला भाग पडले. पण कंत्राटदाराची भरपाई सरकारी तिजोरीतूनच करावी लागली. करार करणारे सुटले, किंमत जनतेने मोजली. आणि नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ या शहराला निवडून आलेले सभागृहच नव्हते. परिवहनाचे निर्णय ज्यांना जाब विचारता येत नाही अशा प्रशासकांच्या कचेरीत होत राहिले, ही लोकशाहीची क्रूर थट्टा होय.

तथापि केवळ ‘खासगीकरण नको’ म्हणून भागणार नाही. बस वेळेवर येत नाही, वाटेत बंद पडते, ही प्रवाशांची तक्रार खरी आहे. ती धुडकावणारी कामगार चळवळ जनतेपासून तुटेल. म्हणून पुनर्रचनेचा आपला पर्याय निःसंदिग्धपणे मांडला पाहिजे. परिवहन हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरावे आणि त्याची तूट मुख्य अंदाजपत्रकात सामाजिक खर्च म्हणून धरली जावी. विजेच्या बस पालिकेच्या मालकीच्या असाव्यात. चालक-वाहक कायम सेवेत असावेत. के.एम.टी. हद्दीबाहेरच्या गावांनाही सेवा देते; तेव्हा २०१७ साली ४२ गावांसाठी स्थापन झालेल्या प्राधिकरणाने आणि राज्य सरकारने त्या खर्चाचा वाटा उचलावा. प्रवासी व कामगार यांच्या प्रतिनिधींना परिवहन समितीत स्थान मिळावे, आणि प्रत्येक करार सही होण्यापूर्वी मराठीतून जनतेसमोर ठेवला जावा.

कार्यकर्त्यांनी हे मुद्दे घेऊन बसथांब्यांवर, तालमींत, औद्योगिक वसाहतींच्या दारांत गेले पाहिजे. टोलचा लढा करार झाल्यानंतर सुरू झाला, म्हणून तो इतका महाग पडला. हा लढा करारापूर्वीच उभा राहिला पाहिजे.